सात दगडांचा शेंदूर

माझं काम काय होतं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, जुने दगड राखायचं. मग विचारणारा माझ्याकडे जरा दयेनं पाहतो. दगडाला कशाला राखण लागते, तो काय बैलासारखा दावं तोडून पळतो, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "खरं सांगा मिस्त्री, हंडा कुठे आहे?" मी सांगितलं, हंडा नाही, अक्षरं आहेत. त्याचा विश्वास बसला नाही. पुढे वर्षभर तो माणूस मी ज्या गावी जाईन त्या गावी काही ना काही निमित्त काढून येत असे. शेवटी मीच त्याला माझी शिडी धरायला लावली. चांगली धरायचा.

माझ्या या कामाबद्दल वऱ्हाडात एक गोष्ट सांगितली जाते. मिस्त्रीनं अशी शक्कल लढवली, की ठेकेदाराची सब्बल, म्हणजे पहार, हातातल्या हातात राहिली आणि एक आख्खी बारव वाचली. गोष्ट ऐकायला झकास आहे. मीही ती चाळीस वर्षं मान हलवत ऐकून घेतली आहे. आता म्हातारा झालो. संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी अनुभव मागितले आहेत, तर खरं सांगून टाकतो. त्यात शक्कल नव्हती, निव्वळ बावळटपणा होता. अर्थात सगळाच बावळटपणा नव्हता. पण ते पुढे येईल.

ती कापसाची वर्षं होती. विलायतेत कुठून कापूस येईनासा झाला होता म्हणे, आणि आमच्या कापसाला असा भाव चढला की माणसं वेडी झाली. जिथे ज्वारी होती तिथे कापूस, जिथे तूर होती तिथे कापूस. एका पाटलानं तर गोठ्यामागची उकिरड्याची जागासुद्धा नांगरली. रेल्वे वऱ्हाडात येत होती आणि दर्यापुराकडचा कापूस तिच्यापर्यंत नेण्यासाठी गाडीरस्ता चालला होता. रस्त्याला नाल्यानाल्यावर मोऱ्या बांधायच्या, आणि मोऱ्यांना दगड हवा.

इथेच सगळं अडत होतं. पूर्णेच्या खोऱ्यात दगड नाही. खणत जा, काळी मातीच लागेल. दगड आणायचा तर वर गाविलगडाच्या पायथ्याहून, आणि आणायला गाडी कुठे होती? प्रत्येक गाडी, प्रत्येक बैल कापसाला जुंपलेला. म्हणून आमच्या ठेकेदारानं मला नोकरीत घेतलं. मी अकोल्याचा, पाथरवटाचा मुलगा. काम एकच, मुलखात फिरून घडीव दगड जिथे जिथे म्हणून पडला असेल, लागला असेल, तो शोधायचा आणि वहीत लिहायचा. पडकं देऊळ, जुनी वेस, कुणाची तरी समाधी. गावाच्या पाटलाला गाठून परवानगी काढायची, की गडी सब्बली घेऊन हजर.

मला तेव्हा वाईट वाटत होतं का? नाही. खोटं कशाला बोलू? दगड म्हणजे दगड. कुणीतरी घडवला, आता दुसऱ्याच्या कामी येईल. माझी नजर चांगली होती आणि ठेकेदार माझं कौतुक करत होता.

अशा फिरण्यात मला ती बारव सापडली. गावाचं नाव सांगत नाही, ठेकेदार अजूनही जन्माला येतात. सगळा मुलूख खारपाणाचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, गुरंही तोंड फिरवतात. आणि त्यात ही एक बारव. चारी बाजूंनी पायऱ्या, काळा घडीव दगड, एकाला एक असा बसवलेला की सांध्यात नख जाऊ नये. तळाशी गोडं पाणी. दगड पाहून माझं तोंड पाण्यापेक्षा गोड झालं. पाच मोऱ्या सहज होतील, मी वहीत लिहिलं.

बारवेच्या काठावर सगुणाबाई माळिणीचा मळा होता. माझ्याच वयाची असेल, नवरा आणि ती दोघंच मोट हाकायची. गावानं वांगी-मिरच्या लावणं सोडून कापूस धरला होता, हिनं मात्र मेथी, कांदे, वांगी, थोडा झेंडू, असं सगळं राखलं होतं. बाकीच्यांची चेष्टा चालायची की माळणीले कापसाचा वास सोसत नाही. पण भाजी घ्यायला आणि घागरी भरायला सगळं गाव तिथेच यायचं.

मी पायऱ्यांची मापं घेत होतो, तेव्हा ती मोटेचं पाणी ओततात त्या थारोळ्यावर उभी राहून पाहत होती.

"काय मोजून राहिले भाऊ?"

"दगड."

"कायले?"

मी सांगितलं. पाटलानं परवानगी दिली आहे, हेही सांगितलं.

"दगड काढले त माती बसन," ती म्हणाली. "माती बसली त पानी जाईन. मंग आमी काय पेवाव? कापूस?"

मी म्हटलं, "मी फक्त मोजणारा माणूस, बाई. माझ्या हातात काय आहे?"

"मोजल्याबिगर त कोनी नेत नाई ना," ती म्हणाली आणि मोट सोडायला गेली.

हे वाक्य मला लागलं. पण लागलं म्हणून मी काम थांबवलं असं नाही.

आता खुणांची रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बांधकाम उकलण्याआधी प्रत्येक दगडावर खूण करतात. टिकली म्हणजे दगड सरळ, तसाच वापरायचा. दोन आडव्या रेघा म्हणजे तोंड खराब, फोडून भरीला घालायचा. खूण गेरूनं करायची. वरच्या पायऱ्या मी गेरूनं केल्या. खाली पाण्याशी आलो तर दगड ओले, गेरू लावला की ओघळून जाई. शिवाय गेरू संपतच आला होता, आणि अकोल्याहून मागवावा तर तेच, गाडी नाही. मी गावातल्या दुकानात गेलो. दुकानदाराकडे मारुतीसाठी आणलेला शेंदूर होता आणि जवसाचं तेल होतं. मी म्हटलं, झालं काम, तेलात कालवलेला रंग पाण्याला दाद देत नाही. वाटीभर कालवला आणि पाण्याच्या काठचे दगड खुणा करत निघालो. सहा दगडांवर टिकल्या. सातवा एका कोनाड्यात होता, शेवाळानं भरलेला, तोंड खडबडीत. बोटाएवढं शेवाळ खरवडून त्यावर दोन रेघा. वाटी संपली, म्हणून थांबलो.

ज्यांना कळलं ते आता हसत असतील. ज्यांना नाही कळलं त्यांना सांगतो. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यात साती आसरा राहतात. सात बहिणी, पाण्याच्या देवी. त्यांची मूर्ती नसते. पाण्याकाठचे सात दगड आणि त्यांना शेंदूर, एवढ्यावर त्या येतात. हे वऱ्हाडातलं शेंबडं पोर जाणतं. माझा बाप तर देव घडवणारा पाथरवट. तो म्हणायचा, शेंदूर लागेपर्यंत दगड माझा, मग मीही त्याच्या पाया पडतो. त्याच्या मुलानं विहिरीत उतरून नेमक्या सात दगडांना शेंदूर लावावा आणि वाटी धुऊन निवांत जेवायला बसावं! कामाच्या नादात माणसाचं डोकं कसं बंद पडतं, याचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक गोष्ट घडली. पाण्याकाठचा दगड आतून कुजलाय का, हे पाहायला गड्यांना घेऊन आलेल्या मुकादमानं फोडायची खूण असलेल्या त्या सातव्या दगडावर घणाचा एक घाव घातला. उजव्या बाजूनं कपची उडाली आणि पाण्यात गेली. हादऱ्यानं शेवाळाची पोळी सुटून खाली पडली. आणि दगडावर अक्षरं होती.

मला ती वाचता येईनात. आपल्या अक्षरांसारखी होती आणि नव्हतीही. तीन ओळी. मी ज्याला खराब तोंड समजलो होतो, तो कुणीतरी लिहून ठेवलेला मजकूर होता. त्यावर माझ्या दोन रेघा. मुकादमानं दुसरा घाव घालायला हात उचलला, तेव्हा मी म्हटलं, "आज राहू दे." का म्हटलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर बारवेच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभाताचे द्रोण, खण. पाणी भरायला उतरलेल्या बायकांनी पहाटे सात दगड पाहिले आणि गावात वर्दी दिली, आसरा प्रकट झाल्या. आमचे गडी सब्बली बाजूला ठेवून हात जोडून बसले होते. परवानगी देणारा पाटीलसुद्धा नारळ घेऊन आला होता आणि माझी नजर चुकवत होता.

मुकादम माझ्या कानाशी आला. "मिस्त्री, हे तुमीच केलं ना बावा?"

"खुणा केल्या रे. खुणा!"

"माया गड्याईले सांगा आता. थे त सब्बलीले हात लावाले तयार नाईत."

ठेकेदाराला निरोप गेला. तो दुपारी छकड्यातून उतरला तो तापलेलाच. त्याला सगळं ऐकून घ्यायला वेळ नव्हता आणि एका परीनं त्याचं बरोबरही होतं. पावसाआधी मोऱ्या झाल्या नाहीत तर त्याचा ठेका जाणार होता. सगळ्या गावादेखत त्यानं मला पुढे ओढलं.

"हा माझा माणूस," तो म्हणाला. "यानं रंग लावलाय, फोडायच्या दगडांना. विचारा याला! सांग रे, कुणी लावला?"

मी उपरण्यात हात गुंडाळून उभा होतो. जवसाचं तेल बोटांत मुरतं, माझी दहाच्या दहा बोटं शेंदरी होती. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. बायकांना वाईट वाटलं असतं, दहीभात वाहून गेला असता, आणि संध्याकाळपर्यंत पहिली पायरी उचकटली असती.

सगुणाबाई गर्दीतून पुढे आली. "सांगा मिस्त्रीभाऊ," ती म्हणाली. "शेंदूर तुमी लावला का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं आहे, असं वाटलं. आणि मला ते वाक्य आठवलं, मोजल्याबिगर कुणी नेत नाही. तीन ओळींची अक्षरंही आठवली, जी मला वाचता आली नव्हती.

"मी कोण लावणार, बाई," मी म्हणालो.

एवढंच. खोटं म्हणावं तर खोटं नाही आणि खरं म्हणावं तर, देवाशप्पथ, खरंही नाही. ठेकेदार माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस," आणि छकड्यात बसला. बारवेचा दगड गेला नाही. मोऱ्यांसाठी दगड डोंगराहूनच आला, आणि त्यांतल्या दोन मोऱ्या पावसाआधी झाल्या नाहीत हे मला नंतर कळलं. ठेका त्याच्याकडून गेला. त्याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. तो काही दुष्ट माणूस नव्हता.

गर्दी पांगल्यावर मी वळकटी बांधत होतो. सगुणाबाई मोटेवरूनच म्हणाली, "थारोळ्यावर चुलीची राख ठेवली हाय. हात घासून घ्या. जवसाचं तेल नुसत्या पान्यानं निंघत नाई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती बैलांकडे पाहत होती. मी गुपचूप राख घेतली आणि हात घासले.

देव निर्माण करणारा मिस्त्री म्हणून माझी कीर्ती माझ्याआधी अकोल्याला पोचली. एका साहेबाच्या कानावर ती गेली. त्याला जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींची यादी हवी होती, शिलालेखांचे ठसे हवे होते. त्यानं मला बोलावून पोटभर हसून घेतलं आणि विचारलं, मुद्दाम केलंस का? मी म्हटलं, अर्धं. हे उत्तर त्याला आवडलं असावं. मी माझी वही त्याच्यापुढे ठेवली. जिथे जिथे दगड फोडायला मिळेल म्हणून लिहिलं होतं, तीच यादी आता दगड राखायच्या कामी आली. एक अक्षर बदलावं लागलं नाही. फक्त त्यातल्या पाच जागा मी जाऊन पाहिल्या तेव्हा तिथे काही उरलं नव्हतं, आणि त्या पाचही मीच ठेकेदाराला दाखवल्या होत्या.

मग तीस वर्षं ते काम केलं. अकोल्यातल्या एका वृद्ध पंतोजींकडून जुनी अक्षरं शिकलो. ठसा घ्यायची कृती साधी असते, पण घाई चालत नाही. दगड धुवायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, कुंचल्यानं ठोकत ठोकत तो अक्षरांच्या खाचांत शिरवायचा. कागद सुकत आला की शाईची पुरचुंडी वरून टेकवत जायची. उंच भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात. आधी काही दिसत नाही, मग एकदम कुणीतरी बोलायला लागतं. किती वेळा केलं, पण त्या क्षणी दर वेळी पुरचुंडी हातातच राहिली.

पण पहिला दगड माझ्या हाती लागला नाही. लोक रोज शेंदूर चढवत होते आणि त्या तीन ओळी आत आत गेल्या होत्या. कचेरीतून दोनदा हुकूम आला, शेंदूर खरवडून ठसा पाठवावा. मी दोन्ही वेळा लिहून पाठवलं, शक्य नाही. शक्य होतं. पण त्या शेंदरानं पाणी राखलं होतं आणि त्याला सुरी लावायचा धीर मला झाला नाही. कधी गेलो तर सगुणाबाईच्या मळ्यात बसायचो. ती कांदाभाकरी द्यायची आणि विचारायची, "वाचलं का, काय लिवलं हाय थे?" मी म्हणायचो, "देवी वाचू देईल तेव्हा." त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात गावातून निरोप आला, देवीनं खोळ सोडली. शेंदराचा थर खूप वाढला की एके दिवशी आपोआप सुटून पडतो, त्याला असं म्हणतात. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती. तरी मी कागद, कुंचला, शाई घेतली, अकोल्याला आगगाडीत बसलो आणि पुढे बैलगाडीनं कंबर मोडून घेत गावी पोचलो.

खोळ पायरीवर पडली होती, टरबुजाच्या सालीएवढी जाड. आणि दगड! तीन ओळी अशा कोऱ्या, की काल टाकी लागली असावी. आम्ही लोखंडी कठडा घालून राखलेला अकोल्याकडचा एक लेख माझ्या डोळ्यांदेखत उन्हापावसानं पापुद्रे सुटून गेला होता. हा मात्र तेलातुपात निजून उठला होता. अक्षरांवरून दोन काळपट रेघा गेल्या होत्या. शेंदूर निघाला होता, पण माझ्या हातचं पहिलं तेल दगडात मुरलेलं होतं.

सगळं गाव पायऱ्यांवर बसलं होतं. सगुणाबाई सर्वांत वरच्या पायरीवर, तिला आता उतरवत नाही. मी ठसा घेतला आणि मोठ्यानं वाचला. अमक्या साली ही बारव बांधली, गुरांनी माणसांनी पाणी प्यावं. शेवटच्या ओळीत होतं, हे काम केलं सूत्रधार. आणि पुढे दगड फुटलेला.

"सूत्रधार मंजे कोन?" कुणीतरी विचारलं.

"पाथरवट," मी म्हणालो. "ज्यानं बांधली तो. त्याचं नाव पुढे होतं. ते मी फोडलं."

आणि मग मी सगळं सांगितलं. टिकल्या, रेघा, घणाचा घाव. माझ्याच जातीच्या कारागिरानं शेकडो वर्षांपूर्वी आपलं नाव कोरून ठेवलं होतं, आणि ते वाचायच्या आधीच मी त्यावर फोडायची खूण केली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

वरून सगुणाबाई म्हणाली, "आमाले मालूम हाय मिस्त्रीभाऊ. मी तवाच तुमचे हात पायले होते. पानी त गेलं नाई ना?"

रीतीप्रमाणे देवीला नवा शेंदूर चढवायचा होता. बायका वाटी घेऊन तयार होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या, हा सरकारी माणूस आता अडवतो की काय म्हणून. ठसा माझ्या पिशवीत होता. मी वाटी मागून घेतली. जवसाचं तेल ओतलं, शेंदूर कालवला, आणि गुडघे दुखत असताना पाण्याशी बसून सातही दगडांना लावला. सातव्याला सर्वांत शेवटी, तीन ओळी पुन्हा झाकेपर्यंत. फुटलेल्या जागेवर जरा जास्त लावला.

सगुणाबाईची नातसून उशिरा आली, तिनं काहीच ऐकलं नव्हतं. वरूनच ओरडली, "आजी, देवीले शेंदूर कोनं लावला वं?"

"मी लावला," मी म्हणालो.

सगुणाबाई हसली. बोळक्या तोंडानं, खूप वेळ हसली. "राख आनू का?" म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "असू द्या."

गावाहून आलो तो त्याच आठवड्यात हे लिहायला बसलो. संपादकांना विनंती एवढीच, की कागदावर जागोजागी शेंदरी डाग दिसतील, ते सांभाळून घ्यावेत.